औषध संपलं, ताप गेला, तरी हिवतापाच्या किटवर रेघ का येते?

रानजाई

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझा धाकटा भाऊ रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. पाच महिन्यांपासून मुक्काम भामरागडकडे. मागच्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला. गावातल्या आशाताईंनी बोट टोचून किट लावलं, फाल्सिपेरम (हिवतापाचा जास्त धोक्याचा प्रकार) निघाला. पांढऱ्या पाकिटातल्या तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनच्या सहा गोळ्या एकदम. तिन्ही दिवस ताई स्वतः येऊन समोर गोळ्या गिळायला लावत होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठव्या दिवशी तो पुण्याला घरी आला.

परत रुजू व्हायचं तर तब्येतीचा दाखला हवा, म्हणून बाराव्या दिवशी इथल्या एका दवाखान्यात नेलं. त्यांनी पुन्हा तेच कार्ड लावलं आणि फाल्सिपेरमची रेघ आली. "औषध लागू पडलेलं नाही, आता इंजेक्शनं घ्यावी लागतील" असं सांगितलं. भावाला ताप नाही, जेवतोय, जिने चढतोय. आई मात्र तेव्हापासून सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बघते.

मला एवढंच विचारायचंय: औषध लागू पडलं की नाही, हे नक्की कोणत्या तपासणीवरून कळतं? आजार ओळखायची तपासणी आणि बरं झाल्याची तपासणी एकच असते का?

---

काचपट्टी

रानजाई ताई, मी बावीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. त्यातली नऊ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताच्या पट्ट्या बघण्यात गेली. तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. उत्तर आहे, नाही. दोन्ही तपासण्या एक नसतात.

कार्डावरची फाल्सिपेरमची रेघ परजीवी दिसला म्हणून उमटत नाही. ती एचआरपी-२ नावाच्या प्रथिनामुळे उमटते. फाल्सिपेरम लाल पेशीत वाढताना हे प्रथिन भरपूर तयार करतो आणि रक्तात सोडतो. परजीवी मेला म्हणून प्रथिन त्याच दिवशी नाहीसं होत नाही. औषध पूर्ण लागू पडलेल्या माणसातही दोन-तीन आठवडे रेघ सहज येते, काहींना महिन्याच्या वरही. म्हणून बाराव्या दिवशी आलेल्या रेघेवरून "औषध फसलं" असं म्हणता येत नाही.

त्यांना काचपट्टी करायला सांगा, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. जाड आणि पातळ, दोन्ही थेंब. बघणारा अनुभवी हवा, आणि "निगेटिव्ह" लिहिण्याआधी त्याने जाड थेंबाची निदान शंभर क्षेत्रं बघायला हवीत. पट्टीत परजीवी स्वतः दिसतो, त्याची अवस्था कळते, मोजताही येतो. उपचारानंतर हे मोजणंच कामाचं.

आणि ताप आला तर वाट बघू नका, त्याच दिवशी पट्टी.

---

मोकळं_आभाळ

एवढा घोळ कशाला? सरळ पीसीआर करून टाका. डीएनएची तपासणी म्हणजे शेवटचा शब्द. पट्टीत सुटलेलं पीसीआरमध्ये सापडतं. पुण्यात मोठ्या लॅबमध्ये होते.

---

काचपट्टी

पट्टीत सुटलेलं पीसीआरमध्ये सापडतं, हे खरं. आपल्याकडच्या नेहमीच्या पट्टीत मायक्रोलिटरमागे पन्नासेक परजीवी असले तर हमखास दिसतात. पीसीआर एकाच्याही खाली जाते. पण इथे तीच अडचण होईल. सविस्तर कुणीतरी जाणकार सांगेल, मी पट्टीवाला माणूस.

---

सायली_कंपाला

मी सांगते. मी युगांडात हिवतापाच्या औषधांच्या परिणामकारकतेवर काम करणाऱ्या एका गटात आहे, मूळची साताऱ्याची. हा प्रश्न रोज आमच्या टेबलावर असतो.

मोकळं_आभाळ, पीसीआरला परजीवी जिवंत आहे की मेलाय हे कळत नाही. तिला फक्त डीएनएचा तुकडा हवा. मेलेल्या परजीवींचा डीएनए रक्तातून निघून जायला काही दिवस लागतात. त्याहून मोठी अडचण गॅमेटोसाइटची. फाल्सिपेरमचे हे केळ्यासारख्या आकाराचे नर-मादी. त्यांच्यामुळे ताप येत नाही, पण डास चावला की ते त्याच्या पोटात जातात आणि पुढचा संसार सुरू होतो. ताप आणणाऱ्या अवस्थेवरची औषधं त्यांना नीट मारत नाहीत. म्हणूनच भावाला दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन दिलं, ते यांच्यासाठी होतं. पण उरलेसुरले थोडे काही दिवस फिरत राहतात आणि त्यांच्या डीएनएने पीसीआर पॉझिटिव्ह येते. माणूस बरा असतो, अहवाल मात्र घाबरवतो.

याला उपाय म्हणून संशोधनात आरएनए मोजतात. आरएनए लवकर विघटतो, म्हणून तो सापडला तर कुणीतरी जिवंत असण्याची शक्यता बरीच जास्त. शिवाय कोणता आरएनए हे निवडता येतं. पीएफएस-२५ नावाच्या जनुकाचा आरएनए मादी गॅमेटोसाइटमध्येच बनतो. तो मिळाला तर "उरलेत ते गॅमेटोसाइट आहेत, ताप आणणारे नव्हेत" असा अंदाज बांधता येतो. पण ही संशोधनाची तपासणी आहे, भावाच्या दाखल्यासाठी कुणी करून देणार नाही.

एचआरपी-२ इतके दिवस का टिकतं, याचं कारण मला फार आवडतं म्हणून सांगते. त्या तीन दिवसांच्या गोळ्यांतल्या आर्टेसुनेटने कोवळे परजीवी लाल पेशीच्या आतच मरतात. मग प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, त्या पेशीतून मेलेला परजीवी उपटून काढते आणि पेशी परत रक्तात सोडून देते. आंब्यातली कोय काढावी आणि आंबा टोपलीत परत ठेवावा, तसं. पेशी आणखी काही दिवस फिरते, आणि तिच्या आवरणाला एचआरपी-२ चिकटलेलं असतं. भावाच्या कार्डावरच्या रेघेत अशा पेशींचा मोठा वाटा असणार. म्हणजे ती रेघ औषधाने काम केल्याची खूणसुद्धा असू शकते.

एक लक्षात ठेवण्यासारखं: या पेशी इतरांपेक्षा लवकर फुटतात. विशेषतः जास्त परजीवी असलेल्या, शिरेतून आर्टेसुनेट घेतलेल्या रुग्णांत पहिल्या-दुसऱ्या आठवड्यानंतर हिमोग्लोबिन उतरू शकतं. भाऊ फिकट वाटला, धाप लागली किंवा लघवी काळपट झाली तर लगेच दाखवा.

---

रानजाई

सायली ताई, आईला आंब्याचं सांगितलं. पहिल्यांदाच तिने कपाळावरचा हात काढला. 🙏

तो फिकट नाही, लघवी स्वच्छ आहे. उद्या पट्टी करतोय. पण मग "औषध फसलं" हे तुम्ही लोक ठरवता कसं?

---

अरण्यवाट

सायली ताईंच्या आधी मी थोडं लिहितो. गडचिरोलीत वैद्यकीय अधिकारी म्हणून मी चार पावसाळे काढलेत.

आमच्याकडे दुहेरी किट असतं. त्यात फाल्सिपेरमसाठी एचआरपी-२ आणि व्हायव्हॅक्ससाठी, म्हणजे हिवतापाच्या दुसऱ्या प्रकारासाठी, पीएलडीएच. हे पीएलडीएच म्हणजे परजीवीच्या चयापचयातलं एक एन्झाइम. जिवंत परजीवीच ते बनवत राहतो, म्हणून उपचारानंतर ते काही दिवसांत उतरतं. पाठपुराव्याला हे एन्झाइम जास्त प्रामाणिक. गॅमेटोसाइट तेही बनवतात, त्यामुळे पूर्ण भरवसा त्याच्यावरही नाही. पण एचआरपी-२ च्या मानाने फार बरं.

मग फाल्सिपेरमसाठीही पीएलडीएच का नाही? कारण पहिल्या दिवशी, तापाने फणफणलेल्या पोराचं बोट टोचताना, आम्हाला काही सुटून चालत नाही. एचआरपी-२ प्रचंड प्रमाणात असतं, थोडे परजीवी असले तरी रेघ उमटते. जो भरपूरपणा पहिल्या दिवशी जीव वाचवतो तोच बाराव्या दिवशी घोटाळा करतो. किट वाईट नाही, ते चुकीच्या दिवशी लावलं गेलं.

मी स्वतः ही चूक केली आहे. पहिल्याच पावसाळ्यात एका आश्रमशाळेतल्या मुलीला पंधराव्या दिवशी किटवरच्या रेघेवरून दुसऱ्यांदा औषध सुरू केलं. पट्टीचा अहवाल दोन दिवसांनी आला, काही नव्हतं. मुलगी त्या गोळ्यांनी ओकून ओकून थकली होती. त्यानंतर तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईंना मी एकच सांगत आलो, की उपचार घेतलेल्या माणसाला महिनाभर किट नाही, पट्टी.

---

सायली_कंपाला

अरण्यवाट, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी मनापासून आभार.

रानजाई ताई, ठरवायची पद्धत अशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत रुग्णाला पहिले तीन दिवस रोज आणि मग सातव्या दिवसापासून दर आठवड्याला बोलावतात, निदान २८ दिवस. औषध शरीरात फार काळ टिकणारं असेल तर ४२. दर वेळी पट्टी. तिसऱ्या दिवशीही परजीवी दिसत असतील तर औषध सावकाश चाललंय, अशी शंका. पुढच्या आठवड्यांत परजीवी परत दिसले तर मोठा प्रश्न उभा राहतो: हा जुनाच उठला, की नवा डास चावला?

इथे डीएनए खरा कामाचा. परजीवीत एमएसपी-१, एमएसपी-२ अशी जनुकं आहेत, ज्यांत काही तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि त्यांची संख्या वाणागणिक वेगळी असते. साडीच्या काठावरच्या बुट्ट्या मोजून साडी ओळखावी, तसं. पहिल्या दिवसाचं रक्त आणि परतलेल्या दिवसाचं रक्त शेजारीशेजारी चालवायचं. काठ जुळला तर जुनाच, म्हणजे औषध फसलं. नाही जुळला तर नवा संसर्ग, औषधाचा दोष नाही. अशी दुरुस्ती केल्यावरही अपयश दहा टक्क्यांच्या वर गेलं तर देशाने औषध बदलावं, असा नियम आहे. भारतात ईशान्येकडच्या राज्यांत आर्टेसुनेट आणि सल्फा-पायरिमेथामिनची जोडी अपुरी पडू लागली, तेव्हा २०१३ च्या औषध धोरणात तिथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन आणलं.

इथे युगांडात मात्र हे काठ जुळवणं फार जिकिरीचं. एकेका मुलाच्या रक्तात एका वेळी तीन-चार वाण असतात. काही काठ गावात इतके सर्रास असतात की योगायोगाने जुळतात. यावरून आमच्या बैठकांत तासन्तास वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले तर देशाचं औषध बदलतं.

भावाच्या बाबतीत मात्र जनुकांची गरज नाही. तो आठव्या दिवसापासून पुण्यात आहे. परतायच्या आधी शेवटचा चावा बसला असेल तरी त्याचा ताप साधारण दोन आठवड्यांच्या आत यायला हवा. पुण्यात नव्याने फाल्सिपेरम होण्याची शक्यता फार कमी. त्यानंतर, समजा पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी, ताप येऊन पट्टीत परजीवी दिसले, तर तो बहुतेक जुनाच. तेव्हा खरोखर म्हणता येईल की औषध कमी पडलं.

---

मोकळं_आभाळ

घाईने लिहिलं होतं, चूक कळली. एक शंका. औषधाला दाद न देणारा परजीवी आधीच ओळखता येत नाही का? चार आठवडे थांबण्यापेक्षा?

---

सायली_कंपाला

येतो, आणि माझं अर्धं आयुष्य आता तिथेच जातंय. आर्टेमिसिनिनला (आर्टेसुनेट याच कुळातलं) सावकाश दाद देणारा परजीवी पश्चिम कंबोडियात आढळल्याचं २००८-०९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागचं जनुक, केल्च-१३, २०१४ मध्ये सापडलं. त्यातला सी५८०वाय हा बदल आग्नेय आशियात पसरला. आफ्रिका सुटली असं वाटत होतं, तोवर रवांडात आर५६१एच दिसला आणि आमच्याकडे उत्तर युगांडात सी४६९वाय आणि ए६७५व्ही. हे बदल कुठून उडत आले नाहीत, इथेच उपजले. हे कळलं त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कुणी जेवलं नाही.

तरीही समजून घ्या, केल्च-१३ मधला बदल म्हणजे "हा रुग्ण बरा होणार नाही" असं नव्हे. परजीवी सावकाश मरतात, एवढाच अर्थ. त्यांची संख्या निम्मी व्हायला पाच तासांहून जास्त लागतात. जोडीचं दुसरं औषध दणकट असेल तर रुग्ण बरा होतो. म्हणून हा मार्कर, म्हणजे ही खूण, गावासाठी आणि देशासाठी, एकट्या माणसासाठी नाही.

---

निशिगंध_दादर

मला व्हायव्हॅक्स दोन वर्षांत तीनदा झाला. दर वेळी क्लोरोक्विन तीन दिवस, ताप गेला, पट्टी निगेटिव्ह, काही महिन्यांनी परत. हे कोणत्या तपासणीत दिसतं?

---

अरण्यवाट

निशिगंध ताई, रक्ताच्या कोणत्याच नेहमीच्या तपासणीत नाही. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निजतात. रक्तात काही नसतं, म्हणून पट्टी, किट, पीसीआर सगळं निगेटिव्ह, आणि ते खोटं नसतं. मग ते जागे होतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, चौदा दिवस. तुम्ही पूर्ण घेतलं होतं का? त्याआधी जी-६-पीडी तपासणी (प्रायमाक्विन सोसेल का हे बघणारी) झाली का? हे दोन प्रश्न आधी.

---

निशिगंध_दादर

पहिल्या दोन वेळा पाच-सहा दिवसांनी सोडलं, बरं वाटत होतं म्हणून. तिसऱ्यांदा जी-६-पीडी बघून पूर्ण चौदा दिवस घेतलं. तेव्हापासून आठ महिने ठीक आहे.

---

सायली_कंपाला

निजलेल्यांना थेट दाखवणारा मार्कर अजून नाही, पण आडवाटेने प्रयत्न झालाय. व्हायव्हॅक्सच्या आठ प्रथिनांविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) एकत्र मोजून "गेल्या नऊ महिन्यांत संसर्ग झाला होता का" हे सांगणारी पद्धत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्याला अलीकडे व्हायव्हॅक्स होऊन गेला, त्याच्या यकृतात कुणी निजलेलं असण्याची शक्यता जास्त, असा तर्क.

आणि कधीकधी मार्कर परजीवीत नसून माणसात असतो. प्रायमाक्विन शरीरात गेल्यावर यकृतातलं सीवायपी-२डी६ हे एन्झाइम त्याला कामाचं रूप देतं. काहींचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. ते सगळ्या गोळ्या इमानदारीने घेतात, तरी हिवताप परततो. अशा माणसाला "गोळ्या चुकवल्या असशील" म्हणून दटावणं किती अन्यायाचं आहे, याचा विचार मनातून जात नाही.

---

वर्ध्याचा_नंदू

हत्तीरोगाबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण आमच्या विदर्भात तोच घोटाळा होतो. माझ्या मामांना हत्तीरोगाचा संसर्ग निघाला होता, सूज नव्हती. डीईसीच्या गोळ्या झाल्या, रात्रीच्या रक्तात मायक्रोफायलेरिया (कृमींची पिल्लं) दिसेनासे झाले, पण बोटाच्या रक्ताची प्रतिजन पट्टी (काचपट्टी नव्हे, किटसारखी) वर्षभराने परत पॉझिटिव्ह. मामांनी धसकाच घेतला.

नंतर कळलं की ही पट्टी प्रौढ कृमींचं प्रतिजन, म्हणजे त्यांनी रक्तात सोडलेला पदार्थ, ओळखते. रात्री रक्तात येणारी पिल्लं वेगळी आणि लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहणारे आईबाप वेगळे. गोळ्यांनी पिल्लं लवकर जातात, आईबाप टिकतात, म्हणून रेघ टिकते. एकाच आजारात दोन खुणा आणि दोघींची उत्तरं वेगळी. आमच्या शेजारी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर कितीतरी वर्षं काम झालंय. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपलं नागपूर होतं. त्या तिघांनी पिल्लं जास्त काळ दूर राहतात.

---

गंगाकाठ

पाटण्यात नोकरीला आहे, म्हणून काळ्या आजाराचं लिहिते. तिथे आरके-३९ नावाची किटसारखी पट्टी प्रतिपिंडं ओळखते. निदानाला उत्तम, पण रुग्ण बरा झाल्यावर कित्येक वर्षं पॉझिटिव्हच राहते. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा एकच डोस, किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि माणूस आठवडाभरात चालायला लागतो. पण "बरा" हा शब्द सहा महिन्यांनी ताप नाही, प्लीहा उतरली, वजन वाढलं, हे बघूनच लिहितात. परत ताप आला तर आरके-३९ कडे न बघता प्लीहेतून किंवा हाडाच्या मगजातून नमुना घेऊन परजीवीच शोधावा लागतो. इथे पीसीआरने संख्या मोजणं खरंच उपयोगाचं होत चाललंय, विशेषतः नंतर त्वचेवर चट्टे येतात त्या रुग्णांत.

---

काचपट्टी

नंदू आणि गंगाकाठ, मी हे धाग्यातून उतरवून घेतोय, आमच्या नव्या मुलांना शिकवायला. प्रतिपिंड म्हणजे शरीराची आठवण, वर्षांची. प्रतिजन म्हणजे परजीवीचा माल, दिवसांचा किंवा महिन्यांचा. डीएनए काही दिवसांचा, आरएनए त्याहून कमी. मुलांना रेघ वाचता येते, पण ती किती जुनी असू शकते हे कुणी सांगत नाही.

रानजाई ताई, पट्टीचं काय झालं?

---

रानजाई

उशिरा लिहिते आहे, माफ करा. चौदाव्या दिवशीची पट्टी निगेटिव्ह आली. डॉक्टरांना हे सगळं नीट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, इंजेक्शनं थांबवली, आणि एकविसाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पट्टी करायची असं स्वतःच लिहून दिलं. दोन्ही निगेटिव्ह. हिमोग्लोबिन १३.१. दाखला मिळाला.

भाऊ परवा भामरागडला पोचला आणि आधी आशाताईंकडे गेला, पुण्यात काय झालं ते सांगायला. त्यांनी आपली वही उघडून दाखवली. त्याच्या नावापुढे औषध सुरू केलेल्या तारखेलाच लिहिलेलं होतं: "महिनाभर किट लावू नये. ताप आल्यास पट्टी." तो फोटो त्याने पाठवलाय. आईने तो मोठा करून दोनदा वाचला आणि ताईंचा नंबर मागून घेतला.